नायगावची मिठागरे आणि खीचनच्या कुरजां

भाईंदर मागे पडते, लोकल वसईच्या खाडीवरील पुलावर येते, आणि डब्यातील गर्दीलाही क्षणभर मोकळे वाटते. खाली समुद्राकडे निघालेल्या उल्हास नदीचे रुंद पात्र, मध्ये पाणजू बेट, दोन्ही काठांना तिवरांची गर्द किनार. खाडी ओलांडताच नायगाव येते. मार्गशीर्ष-पौषातील सकाळी धुके विरळ होऊ लागले की रुळांच्या आजूबाजूच्या मिठागरांत, घोटाभर पाण्यात, पांढरे, करडे, तपकिरी ठिपके हलताना दिसतात. दुकान वेळेवर उघडण्याच्या घाईतील प्रवासी त्यांना बगळे समजतो आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोके घालतो. त्यांतले काही खरोखर बगळेच असतात. बाकीचे मात्र मध्य आशिया आणि सायबेरिया येथून, हजारो किलोमीटर उडून आलेले पाहुणे असतात.

जैन साधु-साध्वी पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी थांबतात आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर विहाराला निघतात. पक्ष्यांचा क्रम नेमका उलटा. साधूंचा विहार सुरू होतो त्याच सुमारास पक्ष्यांचा स्थिरवास रंगात येतो आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत चालतो. या काळात नायगावच्या खाडीकाठी थापट्या आणि तलवार बदके उतरतात. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात पाय उचलून उचलून चालतो. चिमुकले चिखल्या आणि टिलवे चिखलावर धावत सुटतात. कुरवांचे थवे खाडीवर घिरट्या घालतात. कधी कधी रोहित, म्हणजे फ्लेमिंगोही येतात. नायगावची खाडी आणि ठाण्याची खाडी ही उल्हास नदीमुळे एकमेकींशी जोडलेली आहेत. त्यांपैकी ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. नायगावच्या वाट्याला असे कोणतेही बिरुद आलेले नाही.

हे पक्षी नेमके मिठागरातच का येतात, हे समजण्यासाठी मीठ कसे पिकते ते पाहावे लागते. उधाणाच्या भरतीला समुद्राचे पाणी बांधाच्या उघाडीतून पहिल्या मोठ्या तळ्यात घेतात. तेथून ते उन्हात आटत आटत, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात, अधिकाधिक खारट होत पुढे सरकते आणि शेवटच्या वाफ्यात मिठाचे स्फटिक धरतात. त्यामुळे एकाच आगरात पाण्याचे अनेक प्रकार तयार होतात. पहिल्या तळ्यात लहान मासे असतात, मधल्या खारट वाफ्यांत शेवाळ आणि बारीक जलजीव, शेवटच्या वाफ्यात जवळजवळ काहीच नाही. चोचीची लांबी आणि पायांची उंची यांप्रमाणे प्रत्येक पक्षी आपापला वाफा निवडतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा पक्षी तेथे चरतात; भरतीला तो चिखल पाण्याखाली गेला की त्यांना पाय टेकायला जागा उरत नाही. तेव्हा ते मिठागराच्या बांधांवर आणि उथळ वाफ्यांत येऊन विसावतात. चिखल म्हणजे त्यांची भोजनशाळा आणि मिठागर ही धर्मशाळा. दोहोंपैकी एक नाहीशी झाली तर दुसरीचा उपयोग उरत नाही.

हे मिठागर माणसालाही सांभाळते. पावसाळ्यात मिठाचे काम बंद असते आणि भरतीच्या वेळी समुद्रात न जाऊ शकणारे पावसाचे पाणी या सखल जमिनीत पसरून थांबते. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा-विरार पट्ट्यात पाणी भरले, रेल्वे बंद पडली, तळमजल्यावरील दुकानांत गुडघाभर पाणी शिरले. माल भिजलेल्या व्यापाऱ्यांना तो आठवडा अजून आठवतो. सखल जमिनीवर भराव पडला की तेथे मावणारे पाणी अन्यत्र जाते, आणि हे अन्यत्र म्हणजे बहुधा कोणाची तरी वखार असते.

भाईंदरपासून विरारपर्यंतच्या या पट्ट्यात मारवाड, गोडवाड, कच्छ येथून आलेली जैन कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांपैकी मारवाडच्या अनेक घरांत वडीलधारी माणसे अजूनही एका पक्ष्याचे नाव घेतात: कुरजां. त्याच्या नावाचे विरहगीत राजस्थानात घरोघरी गायले जाते. मराठीत त्याला कांड्या करकोचा म्हणतात. करकोच्यांमध्ये हा सर्वांत लहान. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागून निघून मानेवर रुळणारा पांढऱ्या पिसांचा तुरा. मंगोलिया, कझाकस्तान आणि आसपासच्या गवताळ प्रदेशांतून हिमालय ओलांडून तो भारतात येतो. महाराष्ट्रात उजनी आणि जायकवाडीच्या पाण्यावरही तो दिसतो. पण त्याचे खरे माहेरघर फलोदीजवळचे खीचन.

खीचन हे जोधपूरच्या उत्तरेला, थरच्या वाळवंटाच्या काठावरील लहानसे गाव आहे. लाल दगडाच्या, नाजूक जाळ्यांच्या ओसवाल शेठांच्या हवेल्या तेथे रांगेने उभ्या आहेत आणि त्यांतील पुष्कळशा कुलूपबंद आहेत, कारण मालक चेन्नई, मुंबई अशा दूरच्या पेठांत स्थायिक झाले. शेजारच्या फलोदीची ओळख कोरड्या आकड्यांनीच होते. १९ मे २०१६ रोजी तेथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. पाऊस वर्षाला साधारण २५० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. आणि योगायोग असा की फलोदीच्या परिसरातही मिठागरे आहेत.

गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात रतनलाल मालू हे जैन गृहस्थ परमुलखातून खीचनला परतले. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांच्याकडे कबुतरांना दाणे टाकण्याचे काम सोपवले. धान्याची पोती वाहावी, आवारात दाणे पसरावे, इतकेच. कबुतरे, चिमण्या, खारी, एखाददुसरा मोर यांच्याबरोबर एका हिवाळ्यात काही उंच, राखी पक्षी दाणे टिपू लागले. त्यांनी त्यांना हाकलले नाही. पुढच्या वर्षी संख्या वाढली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वाढली. गावातील कुत्री पक्ष्यांवर धावू लागली, तेव्हा मालू यांनी पंचायतीकडून गावाच्या कडेला जागा मिळवली, तिला कुंपण घातले आणि धान्य साठवण्याची सोय केली. हेच ते चुग्गाघर. पत्नी सुंदरबाई त्यांच्या बरोबरीने या कामात होत्या. बाहेरगावी पेढ्या असलेल्या खीचनकरांनी पैसे आणि ज्वारी पाठवण्यास सुरुवात केली. आज तेथे हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने कुरजां उतरतात. पहिले थवे पर्युषणाच्या सुमारास आकाशात दिसतात आणि शेवटचे मार्चमध्ये परततात.

सूर्य उगवता उगवता थव्यांमागून थवे गावावर घिरट्या घालू लागतात. त्यांच्या आवाजाने शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. मग एक तुकडी उतरते, तिच्यामागून दुसरी, आणि पाहता पाहता अंगण राखी होऊन जाते. पाहणाऱ्यांनी भोवतालच्या घरांच्या गच्च्यांवर शांत बसावे, एवढीच अपेक्षा असते.

या कथेत लोक धान्याची आठवण ठेवतात आणि पाण्याची विसरतात. कुरजां दाणे टिपून झाले की गावाच्या तळ्यांवर जातात. पाणी पितात, काठावरचे बारीक खडे गिळतात, दुपारभर तेथेच विसावतात. रातडी नाडी आणि विजयसागर ही ती तळी. जून २०२५ मध्ये उदयपूरजवळच्या मेनारबरोबर खीचनला रामसर दर्जा जाहीर झाला, तो याच दोन पाणसाठ्यांना आणि भोवतालच्या माळाला. चुग्गाघरात पोत्यांनी ज्वारी ओतली असती आणि तळी कोरडी असती, तर एकही करकोचा थांबला नसता. कुरजांना दाणे मिळाले ते मालूंच्या हातून; पाणी मात्र त्यांच्या कितीतरी आधीच्या पिढ्यांनी साठवून ठेवले होते.

मारवाडात तळ्याइतकेच महत्त्व त्याच्या आगोराला असते. आगोर म्हणजे ज्या उतारावरून पावसाचे पाणी तळ्यात वाहत येते तो माळ. त्यावर नांगर चालवायचा नाही, घाण करायची नाही, पादत्राणे घालून जायचे नाही. पावसाआधी तो झाडून घ्यायचा. कोकणात मिठाच्या जागेला आगर म्हणतात, तेथे काम करणारे ते आगरी. मारवाडात पाणी गोळा होते तो आगोर. दोन्ही ठिकाणी मोल पाण्याखालच्या जमिनीचे आहे आणि दोन्ही ठिकाणी परक्या माणसाला ती जमीन मोकळी, पडीक वाटते. नायगावच्या मिठागराकडे पाहून ‘केवढी जागा वाया गेली’ असे म्हणणारे फलोदीच्या आगोरावरही तेच म्हणाले असते.

घराच्या पाण्यासाठी टांका असे. अंगणात किंवा घराखाली खोदलेला, चुन्याने लिंपलेला हा हौद छपराचे आणि अंगणाचे पाणी पोटात घेई. आकाशातून थेट आलेल्या या पाण्याला पालर पाणी म्हणतात. टांक्याला झाकण आणि बऱ्याच घरी कुलूप असे. तूप सांडले तर काही बिघडत नाही, पाणी सांडले तर जीव जळतो, अशा अर्थाची एक म्हण मारवाडातील म्हाताऱ्या बायका सुनांना ऐकवत असत. ही केवळ टंचाईची काटकसर नव्हती. ‘सात लाख’ सूत्रात पृथ्वीकायानंतर लगेच अपकाय येतो. पाणी स्वतःच जीव आहे, हे प्रतिक्रमण करणारे मूल अर्थ कळण्याआधीच पाठ करते. पाणी गाळून प्यावे हा नियम सर्वांना ठाऊक असतो. त्याचा दुसरा अर्धा भाग मात्र नळ आल्यापासून मागे पडला: गळण्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत, अलगद परत सोडायचे. याला जीवाणी म्हणत. एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात टाकले तर जगत नाहीत, ही सूक्ष्म जाण त्या रीतीमागे होती. विनाकारण पाणी सांडणे हा तर अनर्थदंड, म्हणजे ज्यातून काहीच साधत नाही अशी हिंसा.

आता त्याच घराण्यातील नातू नायगावच्या बहुमजली इमारतीत राहतो. वसई तालुक्यात वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे फलोदीच्या आठपट किंवा जास्त. तरीही या भागात इमारतींच्या फाटकाशी टँकर उभा असणे ही वर्षानुवर्षांची नित्याची गोष्ट राहिली. धामणी धरणाच्या पाण्यावर उभ्या असलेल्या सूर्या प्रादेशिक योजनेची क्षमता दररोज ४०३ दशलक्ष लिटर. तीत वसई-विरारचा वाटा १८५ आणि मीरा-भाईंदरचा २१८. वाढत्या वस्तीपुढे हेही पाणी किती वर्षे पुरणार, हा प्रश्न उरतोच.

व्यापारी माणसाला हिशोब लवकर पटतो, म्हणून तो येथे मांडलेला बरा. १०० चौरस मीटर गच्चीवर २,००० मिलिमीटर पाऊस पडला तर २ लाख लिटर पाणी होते. पहिल्या सरीचे वाहून जाऊ दिलेले, उडालेले, गळालेले पाचवा हिस्सा वजा करा. १ लाख ६० हजार लिटर उरतात. इमारतीची गच्ची ५०० चौरस मीटरची असेल तर ८ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे ८० टँकर. एवढे पाणी एका हंगामात गटारातून खाडीत जाते आणि मार्चपासून तेवढेच पाणी पैसे मोजून आणले जाते. खीचनच्या आजोबांनी अशी खातेवही पाहिली असती तर मुनीम बदलला असता.

अर्थात नायगावच्या खाजण जमिनीत खड्डा खणून पाणी जिरवणे पुष्कळ ठिकाणी निरर्थक ठरते, कारण खालचे भूजलच खारे आहे. गोडे पाणी खाऱ्यात मिसळले की गेले. येथे जिरवण्यापेक्षा साठवणे शहाणपणाचे. इमारतीखालची टाकी, गच्चीच्या नळाला गाळणी, पहिल्या पावसाचे पाणी बाजूला काढणारी तोटी: हा मारवाडचा टांकाच झाला, फक्त चुन्याऐवजी सिमेंटचा. आठ लाख लिटर एकदम साठवता येणार नाहीत. परंतु पावसाळ्याच्या चार महिन्यांत धुणे, पुसणे आणि शौचालयांची गरज त्यावर भागते आणि भरलेली टाकी दिवाळीच्या पुढे काही दिवस पुरते. बऱ्याच इमारतींत पर्जन्यजलाची सोय नकाशावर असते, तिचे झाकण मात्र परवाना मिळाल्यानंतर कोणी उघडलेले नसते.

पश्चिमेकडे, जुन्या वसईच्या वाड्यांत, निसर्गाने वेगळी व्यवस्था केली आहे. तेथील रेताड जमिनीत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. वसईकरांनी ते वापरण्यासाठी बावखले खोदली. बावखल म्हणजे वाडीतील उघडे, गोड्या पाण्याचे तळे. त्यावर रहाट चाले. केळी, पानवेली आणि फुले पिकत. पावसाळ्यात बावखल भरले की आसपासच्या विहिरींनाही पाणी लागे. पंप आले, उपसा वाढला, तसे गोड्या पाण्याचे थर पातळ झाले आणि खारे पाणी वर सरकू लागले. पुष्कळ बावखले बुजवली गेली, काहींची कचराकुंडी झाली. अलीकडे काही गावांतील तरुणांनी ती उपसून स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले आहे. जेथे पाणी आणि काठची झाडी टिकली आहे, तेथे खंड्या आणि पाणकोंबडी आजही दिसतात.

खीचनची कथा ऐकून नायगावच्या मिठागरात पोतीभर धान्य टाकावे, असा विचार कोणाच्या मनात आला तर तो शुद्ध भावनेचा असला तरी चुकीचा आहे. करकोचा दाणे खाणारा पक्षी आहे. शेतात आणि माळावर धान्य वेचणे ही त्याची सवयच. चिखल्या आणि टिलवे दाणे खात नाहीत. त्यांचे अन्न चिखलातील किडे, शंख-शिंपले, बारीक खेकडे. मुंबईच्या किनाऱ्यांवर कुरवांना फरसाण आणि गाठिया फेकण्याची जी हौस वाढली आहे, ती तर पक्ष्याच्या पोटावर केलेला अत्याचार आहे. तेल, मीठ आणि बेसन हे दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या पक्ष्याचे पाथेय नव्हे. मालूंनी पक्ष्याला जे पचते ते दिले. येथील पक्ष्याला हवा आहे तो उघडा चिखल, वाफ्यातले पाणी आणि निवांतपणा, आणि यातले काहीही पोत्यात भरून विकत आणता येत नाही. जीवदयेच्या खात्यातील रक्कम या बाजूला वळवायची तर ती बावखलाचा गाळ काढण्यात, इमारतीची पाण्याची टाकी दुरुस्त करण्यात किंवा मुलांना दुर्बीण घेऊन देण्यात घालावी लागेल. पाटीवर नाव कोरण्यासारखे त्यात फारसे काही नाही, हीच काय ती अडचण.

नायगावला पक्षी पाहायला जाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मिठागरे ही कोणाच्या तरी कामाची जागा आहे. आधी विचारून घ्यावे, रुंद बांधावरूनच चालावे, मीठ धरलेल्या वाफ्यात पाय टाकू नये; आगरातील मजूर स्वतःही तेथे जपून पाऊल ठेवतात. मोठ्याने बोलणे, पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवणे, ड्रोन फिरवणे हे सर्व वर्ज्य. एकदा उडालेल्या थव्याची परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी खर्ची पडते. मार्चनंतर गेल्यास बांधाच्या कडांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण शेकाट्या आणि टिटवी उघड्यावरच अंडी घालतात आणि ती मातीच्या ढेकळांसारखी दिसतात.

वेळ ठरवायची ती भरती-ओहोटीवरून, आणि त्यासाठी जैन घरात वेगळे वेळापत्रक लागत नाही. कोकणातील कोळ्यांचा जुना ठोकताळा असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा. म्हणजे अष्टमीला भर दुपारी ओहोटी असते आणि पक्षी खाडीच्या चिखलावर दूरवर पांगलेले असतात. चौदसला उधाण जवळ आलेले असते. सकाळी नऊच्या सुमारास बांधावर पोहोचावे, पाठ सूर्याकडे करून बसावे आणि पाणी चढू द्यावे. दहाच्या पुढे खाडीकडून पहिली तुकडी येते, वाफ्यावर एक चक्कर मारते आणि वाऱ्याकडे तोंड करून एका पायावर उभी राहते.